मालकीणबाईंचं दुखणं

१

त्या मंगळवारी सकाळी दादाच्या टाकीतलं पाणी इतकं लख्ख होतं, की मासे हवेत तरंगताहेत असं वाटावं. आणि त्या लख्ख पाण्याच्या मधोमध, खडकावरच्या आपल्या नेहमीच्या जागेवर, मालकीणबाई आ वासून पडल्या होत्या.

मालकीणबाई म्हणजे शिंपला. समुद्राकाठी मुलं खिशात भरतात तसला नव्हे. राक्षसी शिंपला म्हणतात त्या जातीचा, जेवणाच्या ताटाएवढा. चौदा वर्षांपूर्वी दादा आणि वहिनी तो घरी घेऊन आले तेव्हा कोटाच्या बटणाएवढा होता. हळूहळू सगळं घर त्याच्या तालावर नाचायला लागलं. दिवे त्याच्या वेळेला लागायचे, कुठे गावाला जायचं तर आधी त्याची सोय बघायची. "या घराची मालकीण मी नाही, ही आहे," असं वहिनी एकदा वैतागून म्हणाली आणि ते नाव कायमचं चिकटलं. वहिनीला जाऊन आता पाच वर्षं झाली. दादाच्या बोलण्यात मात्र दोघींची नावं अजून एकाच दमात येतात.

एरवी त्या कवचाच्या काठांवरून मखमली झालर ओसंडत असते. निळी-तपकिरी, हिरव्या ठिपक्यांची. नवखा पाहुणा बोलता बोलता तिच्याकडे बघून गप्प होतो. आज ती झालर आक्रसून आत गेली होती आणि मध्ये पांढुरकी पडली होती, सतरा वेळा धुतलेल्या कापडासारखी. जिच्यातून त्या पाणी आत घेतात ती चीर सैल होऊन नुसती उघडी राहिली होती.

दादा चोवीस दिवस हॉस्पिटलमध्ये होता. स्टुलावरून पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. शुक्रवारी तो घरी येणार होता. रोज संध्याकाळी फोनवर तो मला, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीला, एकच प्रश्न विचारायचा, "झालर बाहेर आहे ना गं?" आणि मी म्हणायचे, "आहे." गेले दहा दिवस मी धडधडीत खोटं बोलत होते. मी सदतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं, आणि आता म्हातारपणी हे.

माझ्या मागे कोकरासारखा चेहरा करून दादाचा मुलगा उभा होता. वय चाळीस, घरातलं नाव गुंड्या. त्याच्या शेजारी त्याची बायको, आमची सूनबाई, ओढणीचं टोक पिळत.

"आत्या, ही जगेल ना?" गुंड्याने विचारलं.

"आजार आपोआप आलेला दिसत नाही मला," मी म्हटलं. "चौदा वर्षं जिला काही झालं नाही, ती दादाने पाठ फिरवल्यावर चोवीस दिवसांत मरायला टेकते. आणि या चोवीस दिवसांत टाकीजवळ माणसं आली तीनच."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि कोणालाच ते बघणं आवडलं नाही.

२

माझ्या ओळखीत पाण्याचं कळणारी एकच व्यक्ती होती. शहराच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात प्रयोगशाळा सांभाळणारी बाई. त्यांच्या खात्याचा वार्षिक अहवाल मी तपासला होता तेव्हा एका दशांशचिन्हावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. तिचं बरोबर होतं. तेव्हापासून मला तिच्याबद्दल आदर आहे. शिवाय तिच्या स्वतःच्या घरी खाऱ्या पाण्याच्या तीन टाक्या आहेत.

पाणीवाल्या बाई दुपारी आल्या. चाळिशीच्या, काटक, हातात कुपी-बाटल्यांची पेटी. टाकीकडे बघितलंही नाही. खुर्ची ओढून आमच्याकडेच तोंड करून बसल्या.

"शिंपला पळून जाणार नाही. आधी तुम्ही बोला. कोण काय करत होतं?"

गुंड्या घसा खाकरून पुढे झाला. "माशांना खायला मी घालतो. बाबा घालायचे त्याच्या निम्मंच घालतो, पाणी घाण नको म्हणून. फेसाच्या यंत्राचा कप मी रिकामा करतो." हे यंत्र टाकीतल्या पाण्याचा फेस करतं आणि फेसाबरोबर घाण वर एका कपात काढतं. "आणि..." तो अडखळला. "दोन आठवड्यांपूर्वी दिवा बदलला. बाबांना नवा द्यायचा होता, आल्यावर खूश होतील म्हणून. जरा जास्तच लखलखतो. आणि हा चोंबड्यासुद्धा मीच आणला."

चोंबड्या म्हणजे पिवळाजर्द नवा मासा. खरंच चोंबडा. त्या क्षणीही तो मालकीणबाईंच्या कवचाला टोचा मारत फिरत होता.

"आणि ही मुंग्यांची रांग?" मी टाकीच्या कपाटाच्या पायाशी बोट दाखवलं. "इथे बसून बिस्किटं खातोस ना?"

"आईशप्पथ आत्या, एकही नाही!"

"तुम्ही?" बाई सूनबाईकडे वळल्या.

सूनबाईच्या माहेरची भाषा वेगळी. लग्नानंतर तीन वर्षांत ती दादाकडून मराठी शिकली, रोज संध्याकाळी त्याच्या शेजारी वही घेऊन बसायची. जपून बोलते, भरलेली बशी नेल्यासारखी. "मी माशांना, दिव्याला हात लावत नाही. मी फक्त रोज सकाळी पाणी भरते. काचेवर खूण आहे तिथपर्यंत, गोड पाणी. बाबांनी चिठ्ठीत लिहून ठेवलं होतं तेवढंच करते. पण दहा दिवसांपासून तिला बरी वाटत नाही."

"तिला बरं वाटत नाही" हवं होतं, आणि टाकीत भरतात ते गोडं पाणी. पाण्याची वाफ होऊन जाते आणि मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या पाण्याची. एरवी माझ्यासमोर कोणी अनुस्वार गाळला तर त्याची खैर नसते. पण पोरगी रडवेली झाली होती. मी आयुष्यात पहिल्यांदा दोन चुका एकदम सोडून दिल्या.

बाईंनी एक नळी पाण्यात बुडवली, उजेडात धरली. "क्षार अगदी नेमके आहेत. पाणी भरणारा हात चोख आहे." सूनबाईने सुटकेचा श्वास टाकला. गुंड्याचा चेहरा मात्र उतरला, कारण तिघांतला एक कमी झाला होता.

३

मग त्यांनी मला टाकीजवळ बोलावलं. "तुम्ही हिला कधी नीट बघितलंय?"

खरं सांगायचं तर नाही. चौदा वर्षं मी या घरात येते, सोफ्यावर बसून दादाशी शुद्धलेखनावरून भांडते आणि जाते. टाकी म्हणजे माझ्या लेखी दादाचं खूळ.

"हात वर धरा. दिव्याच्या आणि तिच्या मध्ये."

मी हात धरला. माझ्या हाताची सावली खडकावरून सरकत मालकीणबाईंवर पडली आणि ती आजारी, मलूल झालर दचकली. एका क्षणात, काठापासून काठापर्यंत. मी हात मागे घेतला.

"तिने बघितलं मला?"

"काठावरचे बारीक काळे ठिपके दिसतात? ते डोळे आहेत. शेकडो. चेहरा नाही दिसत त्यांना, पण सावली कळते. अजून दचकते म्हणजे अजून जिवंत आहे." बाईंचा आवाज बदलला होता. प्रयोगशाळेतला नव्हता तो. "आणि ती झालर म्हणजे नुसती शोभा नाही. तिच्या आत सूक्ष्म शेवाळ राहतं, कोट्यवधी पेशी. ते दिवसभर उजेड खातं, साखर बनवतं आणि हिला देतं. बदल्यात ही त्यांना पाण्यातलं खत पुरवते, माशांची घाण. अंगावर शेत घेऊन बसलीय ही. ना उठायचं, ना कुठे जायचं. सूर्य समोर आला की जेवण तयार."

मला खोटं नाही सांगायचं, माझे डोळे भरून आले. सत्तरीच्या बाईला एका शिंपल्याने रडवावं! वहिनी तासन्‌तास इथे का बसायची हे मला त्या दिवशी कळलं, आणि ती असताना मी एकदाही तिच्या शेजारी बसले नाही म्हणून वाईट वाटलं.

बाईंचं काम चालूच होतं. बाही वर करून त्यांनी हात पाण्यात घातला आणि कवचाच्या खालून, बिजागरीजवळून बोट फिरवलं. "तांदळाएवढ्या गोगलगायी असतात, चोरून रक्त पितात. नाहीत. खडकाला धरणारे धागे शाबूत आहेत, म्हणजे कोणी ओढलेलं नाही. चोंबड्या नुसता कवचावरचं शेवाळ खातोय. झालर चावली असती तर काठ फाटला असता, इथे एकही तुकडा गेलेला नाही. मासा सुटला."

"मग दिवा!" गुंड्या कळवळून म्हणाला. "मीच जाळली ना हिला?"

बाई खाली वाकल्या. खडकाच्या कपारीत, सावलीत एक छोटं पोवळं होतं. पूर्वी तपकिरी, आता फिकट.

"हे बघा. इथे तुमच्या दिव्याचा एक कवडसासुद्धा पोचत नाही. उजेडाने भाजलं असतं तर वरचं आधी गेलं असतं, आणि हे वाचलं असतं. हे दोघंही एकाच गोष्टीने फिके पडलेत, आणि ती गोष्ट सावलीतही पोचते." त्यांनी हात पुसला. "पाण्यातच काहीतरी आहे."

गुंड्या मटकन खाली बसला, सुटला म्हणून. आणि मग आम्हा सगळ्यांच्याच लक्षात आलं, की दिवा दोषी असता तर ते सोपं झालं असतं.

४

पेटीतून एकामागून एक कुप्या निघाल्या. थेंब टाकायचे, हलवायचं, रंगाच्या पट्टीशी ताडून बघायचं. तांबं नाही. कॅल्शियम उत्तम. तापमान ठीक. बाईंच्या कपाळावर आठी चढत गेली. शेवटच्या दोन कुप्या त्यांनी तीनदा केल्या. दोन्हींमधल्या पाण्याला रंगच चढला नाही.

"नायट्रेट शून्य. फॉस्फेट शून्य."

"म्हणजे पाणी अगदी स्वच्छ," गुंड्या अभिमानाने म्हणाला.

"म्हणजे पाणी उपाशी," बाई म्हणाल्या. "हे तिचं खत. माशांच्या घाणीतून येतं. एवढे आठ मासे असताना शून्य होणं शक्य नाही. शेताला खत नाही, शेवाळ मेलं, ही पांढरी पडली. उजेडात बसून उपाशी मरतेय ती. मला सांगा, काच शेवटची कधी घासली?"

गुंड्याने आठवून बघितलं. "दोन आठवडे गरजच पडली नाही."

"फेसाचा कप?"

"आधी आठवड्यातून एकदा भरायचा. आता रोज भरतो. चिकट, तपकिरी."

"आणि मासे सकाळी वर येऊन तोंड उघडझाप करतात?"

आता गुंड्या घाबरला. "तुम्हाला कसं कळलं?"

बाई उठून टाकीभोवती एक फेरी मारून आल्या. "पाण्यात जिवाणू नेहमीच असतात, थोडे. कोणीतरी त्यांना मेजवानी दिली की ते बेसुमार वाढतात. वाढताना पाण्यातलं सगळं खत गिळतात, हवा वापरतात, मरतात आणि फेसाबरोबर कपात येतात. पाणी आरशासारखं होतं. जाणकार लोक हे मुद्दाम करतात, पण थेंबाथेंबाने, मोजूनमापून. इथे कोणीतरी रोज करतंय, आणि भरपूर करतंय."

"काय घालतंय?" मी विचारलं.

"तीनच गोष्टी चालतात. साखर, दारू किंवा व्हिनेगर."

आठवड्यातून दोनदा मी इथे येत होते. रिकामं बसवत नाही म्हणून दर वेळी टाकीची काच बाहेरून, वरच्या काठापर्यंत, फडक्याने चकचकीत पुसत होते. व्हिनेगर लावून.

५

मी कबुली दिली. दादाला सांगायची तयारीही मनात सुरू केली होती.

पाणीवाल्या बाई पहिल्यांदाच हसल्या. "फडक्यावर किती घेता?"

"चार थेंब. पाच."

"एवढ्याने यातली गोगलगायसुद्धा शिंकणार नाही. चारशे लिटर पाणी आहे हे." मग त्यांचं हसू थांबलं. नजर माझ्यावरून खाली गेली, कपाटाच्या पायाशी. "शिवाय व्हिनेगरला मुंग्या येत नाहीत. उलट पळतात."

आम्ही सगळे वाकलो. मुंग्यांची रांग सोफ्याकडे जात नव्हती, बिस्किटांच्या डब्याकडेही नाही. ती कपाटाच्या फटीतून आत जात होती. बाईंनी दार उघडलं. आत नळ्या, पंप, आणि कोपऱ्यात पाणी भरायचा मोठा जग. मुंग्या जगाच्या काठावर गोल करून बसल्या होत्या. बाईंनी जगात बोट फिरवलं आणि सरळ जिभेवर ठेवलं.

"गोड," त्या म्हणाल्या.

तो शब्द माझ्या कानात पडला आणि मेंदूत कुठेतरी लाल शाईची खूण झाली. दाराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावलेली चिठ्ठी होती. दादाचं अक्षर. अँब्युलन्स दारात असताना, कोचावर आडवं पडून लिहिलेलं. मी चष्मा चढवला.

"रोज सकाळी खुणेपर्यंत गोड पाणी. चुकवू नये."

गोड. 'ड'वर टिंब नाही.

दादा अनुस्वार देत नाही. शाळेपासून देत नाही. पन्नास वर्षं मी त्याच्याशी यावरून भांडतेय आणि पन्नास वर्षं तो म्हणतोय, "लोकांना कळतं गं!" गुंड्याने ही चिठ्ठी वाचली आणि त्याला दिसलं साधं, बिनमिठाचं पाणी, कारण तो लहानपणापासून तेच ऐकत आलाय. मी वाचली असती तर मला फक्त राहिलेलं टिंब दिसलं असतं. जे खरोखर लिहिलं होतं ते तिघांत एकीनेच वाचलं होतं.

मी मागे वळले. सूनबाई भिंतीला टेकून उभी होती.

"किती साखर घालत होतीस, बाळा?" मी विचारलं.

"एक चमचा," ती म्हणाली. "पण बाबांनीच... गोड म्हणजे... मी शब्दकोशात बघितलं. मग मला शंका आली, म्हणून नेटवर शोधलं. तिथे होतं, की काही लोक टाकीत खरंच साखर घालतात. म्हणून मला वाटलं बाबांना माहीत असेल."

"अगं मला विचारायचंस!" गुंड्या म्हणाला.

"बाबांचं अक्षर फक्त तुलाच लागतं, असं तूच म्हणतोस ना," ती म्हणाली. "मग तुला कसं विचारणार?"

बाईंनी हलकेच विचारलं, "एकच चमचा? शेवटपर्यंत?"

सूनबाईने मान हलवली. नाही. "ती मलूल दिसायला लागली. मला वाटलं गोडी कमी पडतेय. म्हणून दोन केले."

आजाऱ्याला बरं वाटावं म्हणून ती रोज सकाळी, न चुकता, त्याचं दुखणं दुप्पट करत होती.

"जी स्वतः उजेडातून साखर बनवते," बाई हळूच म्हणाल्या, "तिचीच साखर साखरेने बंद झाली." आणि त्या टाकीकडे अशा बघत राहिल्या, की पोरीवर रागवायचं कोणालाच सुचलं नाही.

६

औषध ऐकून गुंड्या चाट पडला. घाण करायची. माशांना दिवसातून तीनदा पोटभर घालायचं, फेसाचं यंत्र अर्धा दिवस बंद ठेवायचं, हवेचे बुडबुडे सोडायचे, आणि जग गरम पाण्याने धुवायचा.

"शुक्रवारपर्यंत बरी होईल?" मी विचारलं.

"शिंपल्याला शुक्रवार कळत नाही. दोन महिने लागतील. शेत आधी उगवलं पाहिजे. उगवेलच असंही सांगत नाही." खोटा धीर द्यायची त्यांची पद्धत नव्हती.

गुरुवारी चीर थोडी मिटली. झालर मात्र पांढरीच. त्या संध्याकाळी दादाचा फोन आला आणि मी पुन्हा "आहे" म्हटलं. मग सूनबाईला बाजूला घेऊन सांगितलं, "हे बघ, माझ्या व्हिनेगरनेच झालं, असं मी सांगते त्याला. मी बहीण आहे. माझ्यावर ओरडायची त्याला सवय आहे."

"नको आत्या," ती म्हणाली. "तुम्ही खोटं सांगताना तुमची मान हलते."

शुक्रवारी दादा आला. वॉकर टेकत, दहा किलो कमी झालेला. हॉलमध्ये शिरल्यावर त्याने कोणाकडेच बघितलं नाही. सरळ टाकीसमोर जाऊन उभा राहिला. ती पांढरी पडलेली झालर बघून त्याने काचेवर हात टेकवला.

"बाबा, मी केलं," सूनबाई म्हणाली. त्याने बसावं म्हणूनही ती थांबली नाही. सगळं सांगितलं, पहिल्या चमच्यापासून. एकही सबब दिली नाही, चिठ्ठीचं नावसुद्धा काढलं नाही.

चिठ्ठी मी दिली. दादाने वाचली. एकदा, मग लांब धरून पुन्हा. मग त्याने माझ्याकडे बघितलं. पन्नास वर्षांच्या भांडणाचा निकाल त्याच्या हातात, त्याच्याच अक्षरात होता. माझ्या जिभेवर आलं होतं. मी गिळलं.

"आधी एक, मग दोन?" त्याने सूनबाईला विचारलं.

"हो."

"एक दिवस चुकला?"

"नाही."

"मध्यंतरी ताप होता तुला, गुंड्या सांगत होता."

"तीन दिवस होता. तेव्हाही घातलं."

दादाला हसू फुटलं. खुब्याला कळ लागली तरी थांबेना, आणि मग ते हसणं कधी रडण्यात गेलं ते त्यालाही कळलं नसावं. "मालकीणबाई मेलेल्या बघायच्या तयारीने आलो होतो गं," तो म्हणाला. "आत्याचं 'आहे' फोनवर इतकं पटकन यायचं, की मला पहिल्याच दिवशी कळलं. डॉक्टर म्हणाले बुधवारी घरी जा, मीच म्हटलं शुक्रवार. घरी यायची भीती वाटत होती मला." त्याने सूनबाईचा हात धरून स्वतःला खुर्चीत सोडलं. "मला आता स्टुलावर चढता येणार नाही. इथून पुढे ती तुझ्याकडे."

"माझ्याकडे? बाबा, मी तिला—"

"तापात उठून पाणी घालणारं दुसरं कोण आहे या घरात?"

७

आठ आठवडे मी रोज गेले. शुद्धलेखनाचा विषय एकदाही निघाला नाही, मी काढला नाही. तिसऱ्या आठवड्यात झालरीच्या काठाला चहाच्या डागासारखा तपकिरी रंग दिसला. आम्ही तो खरा की भास, यावर दोन दिवस वाद घातला. पाचव्या आठवड्यात निळा परतला. पाणीवाल्या बाई येऊन कुप्या करायच्या आणि नायट्रेट चढलं की आम्ही तोंड गोड केल्यासारखे खूश व्हायचो. आणि चोंबड्या तीनदा जेवून गोलमटोल झाला.

नवव्या आठवड्यात दादाने सगळ्यांना बोलावून घेतलं. त्याच्या हातात बॅटरी होती. तो काचेला टेकून बसला होता आणि मालकीणबाई पूर्ण उघड्या होत्या. निळ्या, तपकिरी, हिरव्या, कवच झाकून टाकणाऱ्या. त्याने उजेड झालरीवर टाकला नाही. खाली, कवचावर टाकला.

"कवच थराथराने वाढतं," तो म्हणाला. "चांगले दिवस असले की सरळ. वाईट दिवस आले की थांबतं, आणि तिथे खाच पडते. ही बघा." कवचाच्या मधोमध, लाटेसारख्या वळ्यांमध्ये, एक खोल रेघ आडवी गेली होती. "ही, तुमची आई गेली तेव्हाची. तीन महिने मी टाकीकडे बघितलं नव्हतं. दिवे लावायचोसुद्धा नाही कधी कधी. तुम्हाला कोणाला सांगितलं नाही."

खरंच सांगितलं नव्हतं. मी त्या तीन महिन्यांत दर आठवड्याला येत होते आणि मला काही कळलं नव्हतं.

बॅटरीचा गोल वर सरकला, काठाजवळ. तिथे दुसरी रेघ होती. बारीक, ताजी.

"आणि ही तुझी," दादा सूनबाईला म्हणाला.

तिची मान खाली गेली. "ही भरून येईल का बाबा?"

"नाही. ती राहणार. माझीही राहिलीय." त्याने तिच्या हातात बॅटरी दिली आणि तिचा हात धरून एक केसभर वर नेला. "पण तू खाच बघू नकोस. खाचेच्या पुढे बघ."

खाचेच्या पुढे, कवचाच्या अगदी ओठावर, कागदासारखी पातळ पांढरीशुभ्र कड उगवली होती. नऊ आठवड्यांपूर्वी ती नव्हती. दगडासारख्या त्या जुन्या कवचाला नखासारखी नवी कोर आली होती. एवढ्याशा पाण्यात, कोणाला न सांगता, त्या बसल्या जागी स्वतःचं घर वाढवत होत्या.

"किती असेल?" गुंड्याने कुजबुजत विचारलं.

"दीड मिलिमीटर," सूनबाई म्हणाली. बॅटरी तिने हलू दिली नाही.